चौकशी माणूस हयात असताना व्हावी

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपले आयुष्य संपवले. त्यांनी मागे ठेवलेले पत्र पुढच्या काही दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने वाचले. गावकऱ्यांसमोर आणि मजुरांसमोर शिवीगाळ, गरोदरपणात जंगलातून पायी फिरायला लावणे, पगार अडकवणे असे आरोप त्यात वरिष्ठावर होते. ते किती टिकतात हे न्यायालय ठरवील. पण त्या पत्रातली एक बाब आरोपांपेक्षाही मला जास्त छळते. पत्र ज्यांना लिहिले होते ते त्या वरिष्ठाचेही वरिष्ठ होते, आणि याआधीही त्यांच्या कानावर हे घातले होते असे त्यात म्हटले होते. मृत्यूनंतर अटक झाली, निलंबन झाले, समित्या बसल्या. म्हणजे यंत्रणेला चौकशी करता येत नव्हती असे मुळीच नाही. ती सुरू होण्यासाठी एका बाईला जीव द्यावा लागला.

त्याआधी दोन वर्षे, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेल्या. जळगाव जिल्ह्यातून आलेली, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला आणि तो खटला न्यायालयात गेला. आपण आधीच विभागाच्या कानावर हे घातले होते, असे तिचे कुटुंबीय पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.

दोन्ही प्रकरणांत दोषी कोण, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण माणूस जिवंत असताना, रोज कामावर येत असताना, 'माझा इथे छळ होतोय' हे तो कोणाला सांगणार, आणि सांगितल्यावर किती दिवसांत काय व्हायलाच हवे, याचे उत्तर आपल्या कायद्यात नाही. ते हवे. आणि ते असे हवे की ज्याच्यावर आरोप झाला त्यालाही पुरेपूर न्याय मिळेल. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत असे बहुतेकांना वाटते. मला त्या एकच वाटतात.

कायदे तसे बरेच आहेत. बाईचा लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे, ज्याला सगळीकडे 'पॉश' म्हणतात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा अपमान झाला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. पण त्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेले त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा स्पष्ट केले. साहेबाची केबिन म्हणजे नेमक्या त्या चार भिंती. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. प्रत्येक कायदा आपापल्या कुंपणात उभा आहे, आणि कुंपणांच्या मधली जागा मोठी आहे.

खासगी कंपनीने जात किंवा धर्म पाहून नोकरी नाकारली, बढती अडवली, तर काय? नोकरीतल्या समान संधीचे संविधानातले कलम १६ सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवा. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फक्त नाव वेगळे, असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याआधी एक वर्ष मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने मनाई केली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. म्हणजे आपल्याकडचा दलित इंजिनिअर सिअ‍ॅटलच्या खासगी कंपनीत गेला तर त्याच्या हातात एक कलम आहे, आणि हिंजवडीत राहिला तर नाही.

आता असा माणूस घ्या जो यातल्या कुठल्याच कुंपणात येत नाही. खुल्या प्रवर्गातला, पुरुष, धडधाकट, राज्य सरकारच्या कार्यालयातला लिपिक. त्याने एका बोगस बिलावर सही करायला नकार दिला. दुसऱ्या आठवड्यात त्याचे टेबल जिन्याखाली गेले. त्याला काम देणे बंद झाले, आणि काम करत नाही म्हणून मेमो सुरू झाले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री त्याचा पाणउतारा होतो आणि खाली बाकीच्यांचे अंगठे पडतात. रजा नामंजूर, गोपनीय अहवालात शेरा. हा माणूस पोलिसांकडे गेला तर 'हा तुमच्या ऑफिसचा मामला' म्हणून परत पाठवला जातो. कामगार आयुक्तांकडे गेला तर त्यांच्या रकान्यांत या तक्रारीला रकाना नाही. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचे तर हातात आव्हान देण्याजोगा लेखी आदेश लागतो, आणि जिन्याखालच्या टेबलाचा लेखी आदेश कोणी काढत नसते.

मग कायदा जागा होतो तो थेट शेवटी. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे कलम, पूर्वीचे ३०६, आता भारतीय न्याय संहितेचे १०८. ते सिद्ध करायला आरोपीने थेट चिथावणी दिली आणि त्याचा तसा हेतू होता हे दाखवावे लागते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी कंपनीच्या अधिकाऱ्यांवरचा असाच खटला याच कारणाने रद्द केला. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. रोजचा जाच आणि जीव घेण्याचा हेतू या वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्यामुळे रोजच्या जाचाला शिक्षा करणारे कलम कोणतेच उरत नाही. त्याच वर्षी पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीतली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट नोकरीला लागून काही महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने गेली असे आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले, कंपनीने ते नाकारले. राज्याचे कामगार अधिकारी तपासणीला गेले तेव्हा त्यांना सापडले काय, तर कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच वर्षानुवर्षे झालेली नव्हती. नोंदणीचा नियम होता म्हणून ते सापडले. वागणुकीबद्दल नियमच नाही, तर तपासणार काय?

विशेष म्हणजे महाराष्ट्राला हे सगळे कळते. १९९९ साली आपल्या विधिमंडळाने रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यातली व्याख्या वाचून पाहा: विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, त्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच निर्माण होईल असे कोणतेही कृत्य. चिडवणे, शिव्या देणे, धमकावणे सगळे त्यात आले. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. त्याने टाळाटाळ केली तर त्याने स्वतःच रॅगिंगला मदत केली असे कायदा मानतो. डॉ. तडवींच्या खटल्यात हा कायदा लागला, कारण त्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या. शिक्षण संपवून त्याच रुग्णालयात त्या वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाल्या असत्या आणि तीच माणसे तशीच वागली असती, तर हा कायदा त्यांना लागला नसता. कॉलेजच्या फाटकापर्यंत जे संरक्षण आहे ते नोकरीच्या फाटकाशी का थांबावे, याचे एकही पटणारे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही.

बाहेरच्या देशांनी वाटा शोधल्या आहेत. स्वीडनने १९९३ मध्येच कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा गुन्हा ठरवला, आणि २०१९ च्या डिसेंबरात फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना शिक्षा झाली, कारण माणसांनी आपणहून नोकरी सोडावी म्हणून वरून धोरण आखून त्यांचे जगणे नकोसे केले गेले होते. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ चा. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. यातली मला सर्वांत उपयोगी वाटते ती ऑस्ट्रेलियाची पद्धत. तिथला नोकरदार २०१४ पासून थेट कामगारविषयक आयोगाकडे अर्ज करू शकतो, आयोगाने १४ दिवसांत त्याला हात घालावा लागतो, आणि आयोग छळ थांबवण्याचा आदेश देतो. भरपाई नाही, शिक्षा नाही, फक्त थांबवण्याचा आदेश. नोकरी करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा हवे असते ते तेवढेच.

आता ज्या भागाबद्दल मला खरे बोलायचे आहे तो. कायदा उद्या झाला तरी सगळे अडणार आहे ते चौकशीपाशी.

मी आधी कामगार संघटनेत काम केले आणि आता काही कंपन्यांच्या पॉशखालच्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसते. त्यामुळे चौकशी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. कामगारांच्या बाजूने महाराष्ट्रात चौकशीची परंपरा भक्कम आहे, याचा मला अभिमान वाटतो. आरोपपत्र लेखी हवे, त्यात तारीख, ठिकाण, कृत्य हवे. सरकारी कर्मचाऱ्यासाठी १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे दोषारोपपत्रासोबत जोडपत्रे लागतात: दोषारोप, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. बचाव सहायक मिळतो. उलटतपासणीचा हक्क असतो. अहवालाची प्रत दिल्याशिवाय शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सांगितले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात व्यवस्थापनाने बाजू मांडायला कायदा शिकलेले अधिकारी उभे केले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशीच अन्यायाची ठरवली. आणि १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात, ज्याला कामगार चळवळीतले सगळे 'पीयूएलपी' म्हणून ओळखतात, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकून कामगाराला काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. वाईट हेतूने केलेली बदलीसुद्धा.

ही सगळी तटबंदी आरोपी कामगारासाठी उभी राहिली, कारण तेव्हा तक्रारदार म्हणजे मालक होता. मालकाला संरक्षणाची गरज नव्हती. पण आज तक्रारदार जेव्हा लाइनवरची मुलगी असते आणि आरोपी सुपरवायझर असतो, तेव्हा त्या चौकशीत तिला स्थानच नसते. ती फक्त साक्षीदार. तिला आरोपपत्र दाखवत नाहीत, अहवाल देत नाहीत. निकाल काय लागला हे तिला कॅन्टीनमध्ये कळते. पॉशखाली निदान तिला अहवालाची प्रत आणि अपिलाचा हक्क तरी मिळाला. तोही सहजासहजी नाही. राजस्थानातल्या कार्यकर्त्या भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समित्या सक्तीच्या झाल्या. पण पुढे विभागांनी समितीचा अहवाल नुसता कागद समजून बाजूला ठेवला आणि सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात नेट लावला, तेव्हा कुठे समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानायचा हे ठरले.

लैंगिक छळ सोडून बाकी छळात हे काहीच नाही. तिथे 'एचआर बघून घेईल' एवढाच कायदा.

हे बघून घेणे कसे असते ते सांगते. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझरविरुद्ध एका ऑपरेटरने तक्रार केली होती. चौकशी अधिकारी म्हणून आलेले वकील त्याच कंपनीचे इतर खटले चालवत होते. असे असले तरी आपोआप पक्षपात होतो असे न्यायालयेही मानत नाहीत, मीही मानत नाही. पण साक्ष कशी लिहिली गेली ते पाहा. तो ऑपरेटर मान खाली घालून म्हणाला, "सगळी शिफ्ट उभी होती. साहेब म्हणाले, तुझ्या बापाने झाडू मारला, तूही तेच करायचं, मशीनला हात लावायची तुझी लायकी नाही." चौकशी अधिकाऱ्यांनी टायपिस्टला सांगितलेले वाक्य होते: साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे सुपरवायझर त्याच्याशी उद्धटपणे बोलले. जात गेली, बाप गेला, उभी असलेली शिफ्ट गेली. उरला उद्धटपणा, आणि उद्धटपणाची शिक्षा म्हणजे समज. त्या माणसाने कागद वाचला, सही केली. आपण बोललो ते यात नाही असे म्हणायची मुभा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "सारांश बरोबर आहे ना?"

म्हणून साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात, बोललेल्या शब्दांत, बोलणाऱ्याच्या भाषेत लिहिली गेली पाहिजे. ही बारीकसारीक बाब नाही. भेदभावाचा सगळा पुरावा शब्दांत असतो, आणि शब्द बदलले की भेदभाव कागदावरून पुसला जातो.

दुसरी खोड पुराव्याची. 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, सबब आरोप सिद्ध होत नाही' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचले आहे की ते कुठूनतरी उतरवून घेत असावेत अशी शंका येते. चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. इथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतांचे पारडे कुठे झुकते ते पाहायचे असते. बंद केबिनमधल्या बोलण्याला साक्षीदार नसतो, पण खुणा असतात. रात्री साडेअकराचे मेसेज. त्याच संध्याकाळी बहिणीला केलेला फोन. पाच वर्षे चांगले अप्रेझल असलेल्या माणसाला तक्रारीनंतर महिन्याभरात पीआयपीवर, म्हणजे 'कामगिरी सुधारा' च्या मुदतीवर, टाकणे. एकाच साहेबाच्या हाताखालून ओळीने झालेले राजीनामे. हे सगळे मागवायचे, दोन्ही बाजूंना दाखवायचे आणि मग कोणाचे म्हणणे जास्त पटते ते कारणांसह लिहायचे. कारणे न देता काढलेला निष्कर्ष मग तो कोणाच्याही बाजूचा असो, मला मान्य नाही.

आरोपीच्या बाजूनेही तितकेच निक्षून बोलायला हवे. आयटी कंपन्यांत अलीकडे उलटा अन्याय सर्रास होतो. 'तुमच्याबद्दल टीममधून तक्रारी आहेत' एवढे सांगायचे, कोणाच्या, कधीच्या, कशाबद्दल ते सांगायचे नाही, आणि त्याच मीटिंगमध्ये राजीनामा लिहून घ्यायचा. नाही दिला तर रिलीव्हिंग लेटर अडकते. हा मॅनेजर कायद्याच्या भाषेत कामगार नाही, त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार त्याला बंद. दिवाणी न्यायालय फार तर भरपाई देईल, नोकरी परत देत नाही. 'तुम्ही टीमशी नीट वागत नाही' हा आरोप नव्हेच. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक शब्द बोललात, हा आरोप. त्याला उत्तर देता येते. धूसर आरोपाला निर्दोष माणूसही उत्तर देऊ शकत नाही.

आणि घाईने केलेली चौकशी शेवटी कोणाच्या मुळावर येते? गोवा विद्यापीठाचे उदाहरण सगळ्या समित्यांनी भिंतीवर लावावे असे आहे. एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने एकामागून एक बैठका लावून काम उरकले. त्याने तब्येतीचे कारण देऊन मुदत मागितली, ती न देता एकतर्फी चौकशी झाली आणि २०१० मध्ये त्याला बडतर्फ केले. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे, २००९ च्या टप्प्यावर, परत पाठवले. चौदा वर्षे. त्या मुलींची शिक्षणे संपली असतील, संसार सुरू झाले असतील, आणि आता त्यांनी पुन्हा येऊन सांगायचे. आरोपीला आणखी काही आठवडे दिले असते तर त्यांचे काही बिघडले नसते. ते दिले नाहीत म्हणून चौदा वर्षे गेली. आरोपीचा हक्क डावलला की तक्रारदाराचे भले होते असे ज्यांना वाटते त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

कायद्याला विरोध होणारच, आणि त्यातला एक मुद्दा खरोखर विचार करण्याजोगा आहे. कामात चूक दाखवली, उशिरा येणाऱ्याला खडसावले, लक्ष्य पूर्ण न झाल्याबद्दल जाब विचारला, तर तोही छळ ठरेल आणि कोणी कोणाकडून काम करून घेऊ शकणार नाही, ही भीती लहान उद्योजकांकडून मी नेहमी ऐकते. ती खोटी नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात याचे उत्तर आहे: वाजवी कारणासाठी, वाजवी रीतीने केलेली व्यवस्थापकीय कारवाई म्हणजे छळ नव्हे. चूक दाखवा, मेमो द्या, चौकशी लावा, कामावरूनही काढा. फक्त ते माणसासारखे करा. व्याख्येत मी आणखी एक भर घालीन. वारंवार घडलेले वर्तन हे छळाचे साधारण लक्षण खरे, पण एखादी घटना इतकी भयंकर असते की ती दुसऱ्यांदा घडण्याची वाट पाहणे हाच अन्याय. बापाची जात काढणे त्यातले.

खोट्या तक्रारींची भीती मला तितकी पटत नाही. पॉशच्या कलम १४ मध्ये जाणूनबुजून खोट्या तक्रारीला कारवाईची तरतूद आहे आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. प्रत्यक्षात काय होते? पहिल्याच दिवशी, तक्रारदार खुर्चीत नीट बसलीही नाही तोवर, समितीतला कोणीतरी कलम १४ चा पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचून दाखवतो. दुसरा अर्धा वाचत नाही. मी स्वतः हे थांबवले आहे. असे कलम नव्या कायद्यात नकोच. खोटी साक्ष आणि बनावट कागद यांच्यासाठी कंपनीचे शिस्तीचे नियम पुरेसे आहेत.

बदलीबद्दल थोडे. आपल्याकडे छळाच्या तक्रारीवरचा रामबाण उपाय म्हणजे तक्रारदाराची बदली. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून. चौकशी चालू असताना दोघांना वेगळे करणे गरजेचे असते हे खरे, पण हलवायचे कोणाला? ज्याच्या हातात दुसऱ्याचा अहवाल लिहिण्याची सत्ता आहे त्याला. तक्रारदाराने स्वतः लेखी मागितली तरच त्याची बदली व्हावी, आणि साक्षीदारांनाही तेच संरक्षण हवे, कारण साक्षीदार गप्प बसतात ते स्वभावाने नव्हे, पुढच्या अप्रेझलच्या धाकाने. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ मध्ये वाद प्रलंबित असताना कामगाराच्या सेवाशर्ती मनमानीने बदलायला मनाई होती. तेच सूत्र इथे आणावे: तक्रारीनंतर वर्षभरात तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला काढले, हलवले किंवा शेरा खराब दिला, तर त्यामागे तक्रार नव्हती हे मालकाने सिद्ध करायचे.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. १९७१ ला आणि १९९९ ला महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नव्हती. आताही पाहायचे कारण नाही. औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांची, अट ३०० कामगारांवर नेल्यावर तर राज्याने लक्ष घालणे आणखी निकडीचे झाले आहे, कारण त्याखालच्या असंख्य कारखान्यांत शिस्तीचे आणि चौकशीचे लेखी नियम असण्याची सक्तीच उरत नाही. छोट्या आस्थापनांत समिती बसवणे जमणार नाही, हे मान्य. पॉशखाली दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचेच काम वाढवावे, तिला पूर्णवेळ माणसे आणि पैसा द्यावा. चौकशी अधिकाऱ्यांची यादी कामगार आयुक्तांनी तयार करावी, नेमणूक त्या यादीतून क्रमाने व्हावी आणि फी कंपनीने जिल्ह्याच्या निधीत भरावी. म्हणजे ज्याची चौकशी त्याचाच धनादेश हा प्रकार संपेल.

खासगी क्षेत्राच्या कायद्याला वेळ लागेल. सरकारला मात्र स्वतःच्या घरात सुरुवात करायला अधिवेशनाचीही गरज नाही. १९७९ चे वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम राज्यपालांच्या नावाने निघणाऱ्या अधिसूचनेने बदलता येतात. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी आवक क्रमांक घालून पोच द्यावी. आवक क्रमांक नसलेली तक्रार सरकारी कार्यालयात कधी झालेलीच नसते, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सात दिवसांत प्राथमिक चौकशी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या आणि त्याच्या थेट वरिष्ठाच्या हाताबाहेर. ९० दिवसांत अहवाल, दोघांनाही प्रत, दोघांनाही अपील. आणि तक्रार दाबून ठेवणाऱ्या वरिष्ठाला रॅगिंगच्या कायद्यातले तेच सूत्र लावावे: त्याने छळाला मदत केली असे मानून त्याच्यावरही दोषारोपपत्र निघावे. सामान्य प्रशासन विभागाला हा मसुदा करायला महिनाही लागू नये.